सहवैमानिक आपल्या दारी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, सुरगाण्यातल्या आमच्या एका गुरुजींचा लॅपटॉप सेवानिवृत्त झाला. लॅपटॉपला हे कोणी कळवलं नव्हतं. तो नेहमीप्रमाणे सहा मिनिटांत सुरू झाला, पंख्याने घरघर केली आणि शाळेची माहिती भरायला तयार होऊन बसला. पण त्या तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सेवा थांबवली. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. गुरुजींचं यंत्र २०१६ चं. म्हणजे प्रकृती ठणठणीत, पण कागदात बसत नाही.

गुरुजींची उभी हयात जिल्हा परिषदेत गेली असल्याने त्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. नियत वय झालं की काम येतं का, हे कोणी विचारत नाही. मुदतवाढ असते, पण ती वरच्या ओळखीवर. इथेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची मुदतवाढ होती आणि त्यासाठी लागणारी वरची ओळख म्हणजे मायक्रोसॉफ्टचं खातं. खातं गुरुजींनी कधीतरी उघडलं होतं. पासवर्ड ज्या डायरीत लिहिला होता, ती डायरी त्या वर्षीच्या पावसात ओटीवर भिजली.

तेव्हा नवा घ्यायचा ठरला, आणि घरात एक सल्लागार समिती आपोआप स्थापन झाली. हिंजवडीतला भाचा फोनवरून म्हणाला, "मामा, सोळा जीबीच्या खाली उतरू नका." शेजारचे ग्रामसेवक म्हणाले, "आय-सेव्हनच घ्या, आयुष्यभर बघावं लागणार नाही." झेरॉक्सवाला म्हणाला, "मोठा घ्या, छोट्याचे स्पेअर मिळत नाहीत." वहिनींनी एवढंच विचारलं, की लाइट गेल्यावर किती वेळ चालेल. समितीच्या इतिवृत्तात या प्रश्नाची नोंद झाली नाही.

मग दिंडोरी-वणी-बोरगावचा रस्ता उलटा धरून गुरुजी नाशिकला गेले. दुकानातल्या तरुणाने स्वागत केलं आणि विचारलं, "युज काय आहे सर? गेमिंग, एडिटिंग, ऑफिस की स्टुडंट?"

"घरगुती," गुरुजी म्हणाले.

तरुणाच्या चेहऱ्यावरचं तेज थोडं उतरलं. घरगुती म्हणजे सिनेमा बघणं, लाइट बिल भरणं आणि सणाला परदेशातल्या नातवाचं तोंड बघणं, असं त्याला प्रशिक्षणात सांगितलं असावं. त्याने त्यांना सरळ सर्वात खालच्या फळीकडे नेलं.

आता गुरुजींच्या घरचा वापर काय आहे, हे त्या तरुणाला कोण सांगणार? अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या महाराष्ट्रात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले, तेव्हा पाड्यावरच्या पोरापोरींचे अर्ज या एका लॅपटॉपवर भरले गेले. पसंतीक्रमात कॉलेज निवडताना प्रत्येकामागे आई, बाप आणि एक काका उभा. पुढे जात पडताळणीचे कागद स्कॅन करायचे, तेही इथेच. लाडक्या बहिणींची ई-केवायसी निघाली, तेव्हा ओटीवर रांग होती. ओटीपी येतो नवऱ्याच्या फोनवर, नवरा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीत, आणि ओटीपीची मुदत संपते. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जे शेतकरी चालत गेले, त्यांत सुरगाण्याचे पाय पुष्कळ होते. ते ज्यासाठी चालले त्या वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे आणि जबाब गुरुजींच्या डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर (७)' मध्ये आहेत. शेजारच्या फोल्डरमध्ये बोहाड्याच्या सोंगांचं चित्रीकरण. त्याच्या शेजारी बोरगावकडच्या एका शेतकऱ्याने सापुताऱ्याच्या रस्त्यावर लावायला करून घेतलेला स्ट्रॉबेरीच्या भावाचा फलक, लग्नाच्या तीन पत्रिका आणि यू-डायसची माहिती.

म्हणजे यंत्र गुरुजींचं, चार्जर गुरुजींचा, आणि लॅपटॉप पाड्याचा. असं उत्पादन दुकानाच्या एकाही फळीवर नव्हतं. पाड्याच्या लॅपटॉपला दिवसातून वीस वेळा उघडमीट सोसणारी बिजागरी लागते, कारण सगळ्यात आधी तीच मोडते. प्रत्येकाने आणलेला पेनड्राइव्ह आणि त्याच्या पोटातले व्हायरस पचवण्याची ताकद लागते. यूएसबीची जुन्या पद्धतीची भोकं तीन तरी लागतात: एक प्रिंटरला, एक माउसला, एक आलेल्या पाहुण्याच्या पेनड्राइव्हला. तरुणाने दाखवलेल्या एका चकचकीत नगाला दोनच भोकं होती, तीही नव्या आकाराची. "बाकीचं डोंगलने होतं सर," तो म्हणाला. किती पातळ आहे बघा, असंही म्हणाला. पाड्यावर पातळपणाचं कौतुक आजवर फक्त भाकरीच्या वाट्याला आलंय.

मग प्रोसेसर. पूर्वी आय-सेव्हन, आय-फाइव्ह, आय-थ्री अशी ब्राह्मण-क्षत्रिय-वैश्य छापाची सोपी उतरंड होती. २०२३ मध्ये इंटेलने त्यातला 'आय' काढायला घेतला आणि 'अल्ट्रा' आणला, त्यामुळे कोण कुणाच्या वर बसतो हे आता कंपनीच्या पुरोहितांनाच ठाऊक. एएमडीचं त्याहून रसाळ. रायझन ३ ७३२०यू या नावातला पहिला आकडा सांगतो की माल २०२३ च्या यादीतला आहे. तिसरा आकडा सांगतो की आतली रचना झेन २ आहे, आणि झेन २ बाजारात आली २०१९ मध्ये. गुरुजी हे ऐकून हसले. नव्या पोरांना दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख लावून देणाऱ्या पिढीचे ते वारसदार. कागदावरचं वय आणि खरं वय यांतलं अंतर त्यांना शिकवायला कंपनीला अजून पुष्कळ उन्हाळे काढावे लागतील.

भाच्याची सोळा जीबीची अट मात्र भारी पडली. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅम महागली, कारण एआयची मोठमोठी केंद्रं मेमरी चिपा गिळायला बसली. मायक्रॉन कंपनीने तर त्या डिसेंबरात जाहीरच केलं, की किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा क्रूशियल हा धंदा आपण बंद करतो. बड्या घरची पंगत बसली की गावजेवणात वाढप्याचा हात आखडतो, तसं झालं. सरकारही मदतीला नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कपातीचा जो बचत उत्सव सुरू झाला, त्यात मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. लॅपटॉप आधीच १८ वर होता, तो तिथेच बसून उत्सव बघत राहिला. त्याआधी ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असा हुकूम निघाला होता, आणि दुसऱ्याच दिवशी तो तीन महिने पुढे ढकलला गेला. आमच्याकडे एसटीची फेरीसुद्धा यापेक्षा सावकाश रद्द होते.

"सर, थोडं बजेट वाढवलं तर एआय पीसी देतो," तरुण म्हणाला. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस म्हणून एक वर्ग काढला. त्यात बसायला सोळा जीबी रॅम तर हवीच, शिवाय सेकंदाला किमान ४० लाख कोटी आकडेमोडी करणारी वेगळी चिप हवी. देशाचा अख्ख्या वर्षाचा अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या घरात जातो. ज्या घरात रॉकेलचे हिशेब तोंडी व्हायचे, तिथे हे सामर्थ्य आता मांडीवर येणार. याच वर्गासाठी 'रिकॉल' नावाची सोयही निघाली. पडद्यावर जे दिसेल त्याची ती थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रं काढून ठेवते, म्हणजे मालकाला मागचं आठवावं. जगभर आरडाओरड झाल्यावर ती मागे घेऊन, दुरुस्त करून पुन्हा आणली. मालक एकच असतो, हे गृहीत धरूनच ती केलेली. पाड्याच्या लॅपटॉपला तिने आठवायचं ठरवलं, तर बारा घरांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं आणि एका न जमलेल्या लग्नाचा बायोडाटा एका क्लिकवर हजर होईल.

जानेवारी २०२४ पासून कीबोर्डवरही कोपायलटची एक स्वतंत्र कळ आली आहे. कोपायलट म्हणजे सहवैमानिक. नाशिककरांना विमान धरायला ओझरला जावं लागतं, सुरगाण्यात मात्र सहवैमानिक थेट घरात उतरला. रेंज नसेल तेव्हा ती कळ दाबली की तो माफी मागतो. कीबोर्डच्या वरच्या ओळीत चारच्या आकड्याजवळ रुपयाचं चिन्ह छापलेलं असतं, आणि ते बघून गुरुजींना फार बरं वाटलं. २०१० मध्ये मंजूर झालेलं हे चिन्ह देवनागरी 'र' वरून बेतलेलं. अख्ख्या कीबोर्डवर आपल्या लिपीतलं एवढंच. 'अ' नाही, 'क' नाही, 'ळ' तर नाहीच नाही. बाराखडी आपण आपली स्टिकर लावून चालवायची, फक्त पैशाची कळ कंपनीने न मागता दिली आहे.

खरं म्हणजे पाड्याला हवा तसा लॅपटॉप एकदा बनला होता, आणि तो महाराष्ट्रात येऊनही गेला. एमआयटीच्या निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप ही कल्पना मांडली. हिरवं-पांढरं, कडी असलेलं ते एक्सओ यंत्र. पडदा भर उन्हात वाचता येईल असा, कीबोर्ड रबराने बंद केलेला, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये, आणि यंत्र वीज अगदी जेमतेम खाणारं. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत झाला. प्रत्यक्षात किंमत शंभराच्या दुपटीला टेकली, ही गोष्ट वेगळी. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तर २००६ मध्येच ही योजना नको म्हणून कळवलं होतं. त्याच मंत्रालयाने २०११ मध्ये 'आकाश' नावाची स्वस्त पाटी वाजतगाजत आणली. आकाश कुठे गेलं, हे आता आकाशालाच विचारावं लागेल. मुद्दा असा, की उन्हात दिसणारा पडदा आणि भिजून न मरणारा कीबोर्ड करता येतो, हे पंधरा-वीस वर्षांमागेच सिद्ध झालंय. आज पस्तीस हजारांच्या लॅपटॉपचा पडदा सुरगाण्याच्या पडवीत उघडला, तर त्यात फक्त आपलं तोंड दिसतं.

"वॉरंटी ऑन-साइट आहे सर, माणूस घरी येईल," हे वाक्य तरुणाने शेवटच्या घासासारखं राखून ठेवलं होतं. गुरुजींनी पत्ता सांगितला. त्याने संगणकात पिनकोड टाकला, थोडा वेळ वाट बघितली आणि म्हणाला, "तुम्हीच आणून दिलात तर लवकर होईल." डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी सोयी देता येत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणी केली, तेव्हा मुंबईपर्यंत धावपळ झाली होती. ती मागणी रस्त्यासाठी, पाण्यासाठी, दवाखान्यासाठी होती. त्यात लॅपटॉपच्या माणसाचं नाव नव्हतं. पुढच्या निवेदनात घालायला हरकत नाही.

भाच्याचा दुसरा सल्ला सगळ्यात शहाणा होता, म्हणूनच कोणी ऐकला नाही. जुन्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, लिनक्स टाका, फुकटात अजून पाच वर्षं पळेल. पण गुरुजींची निम्मी कागदपत्रं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. ती दुसरीकडे उघडली की 'विद्यार्थी' ऐवजी इंग्रजी शिव्यांसारखं काहीतरी उमटतं. वरून तालुक्याहून येणारी एक्सेल पत्रकं. वरचं कार्यालय बदलल्याशिवाय खालचा माणूस लिनक्स लावू शकत नाही, हे हिंजवडीत बसून कळत नाही.

शेवटी घेतला तो मधल्या फळीवरचा: आठ जीबी, पण आणखी एक पट्टी लावायला जागा असलेला, पाचशे बाराची एसएसडी, जुन्या आकाराची दोन भोकं आणि एक नव्या आकाराचं. बॅटरीचं वहिनींनी फोनवरून पुन्हा विचारलं, तेव्हा तरुण म्हणाला, "दहा तास." वहिनींनी गुरुजींना सांगितलं, चार धरा.

घरी आणून, कुंकू लावून तो उघडला. पडद्यावर आधी भाषा विचारली, मग देश, मग म्हणाला की इंटरनेट जोडा. जोडल्याशिवाय विंडोज ११ होम पुढे जायला तयार होईना. धाकट्याने फोन घेऊन आंब्याखालची रेंजची जागा गाठली, हॉटस्पॉट दिला, लॅपटॉपही तिथेच नेला, वर छत्री धरली. आता तो मायक्रोसॉफ्टचं खातं मागू लागला. डायरी पुन्हा आठवली. नवं खातं काढलं. त्यानंतर त्याने स्वतःच अपडेट उतरवायला घेतले आणि फोनचा दिवसाचा दीड जीबी खाऊन टाकला. ओटीवर तोवर जात पडताळणीवाले दोघे आणि एक बहीण आधार कार्ड घेऊन बसलेली. भाच्याने फोनवर तोडगा सांगितला: रात्री बाराला नवा डेटा सुरू होईल, तोवर थांबा.

गुरुजींचे वडील हे सगळं बाजेवरून बघत होते. त्यांनी विचारलं, "पैसे सगळे देऊन झाले ना?"

"झाले, दादा."

"मग हा अजून दुकानदाराला विचारून का उघडतोय?"