पंचवीस टक्क्यांचा विद्यार्थी

आमच्या घराण्यात 60 टक्क्यांच्या खालचं सगळं ‘शेजाऱ्यांनी विचारलं तर विषय बदला’ या सदरात मोडतं. त्यामुळे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूल गावात, पुतण्या मला म्हणाला, “काका, तुम्ही 25 टक्क्यांच्या वर जायचंच नाही,” तेव्हा मला ते लागलंच.

पुतण्या म्युनिकला असतो. तिथली आपली पोरं हिवाळ्यात शनिवार उजाडला की गाडीवर स्की बांधून टिरोलच्या डोंगरांकडे निघतात. आपण सिंहगडावर जातो तसंच. फक्त आपण चढून दमतो, हे यंत्राने चढतात आणि उतरून दमतात.

टक्क्यांचं गणित त्याने मला नॅपकिनवर काढून दाखवलं. आडवं 100 मीटर गेल्यावर 25 मीटर खाली आलात, तर उतार 25 टक्के. अंशात सांगायचं तर जेमतेम 14. मी आजवर 100 टक्के उतार म्हणजे सरळसोट कडा समजत होतो, तो निघाला 45 अंशांचा. ऑस्ट्रियात साधारण 25 टक्क्यांपर्यंतच्या वाटेला निळा रंग, 40 पर्यंत लाल आणि त्यापुढे काळा. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली एक हिरवा असतो. इथे तेवढे लाड नाहीत.

14 अंश! मी हसलो. हसण्याआधी बोरघाट आठवायला हवा होता. तिथला रेल्वेचा चढ 37 ला 1, म्हणजे पावणेतीन टक्के. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या पाठीला जादा इंजिनं लावतात. त्याच्या नऊपट उतारावर मी पायाला दोन गुळगुळीत पट्ट्या बांधून, बिनब्रेकचा, स्वखुशीने आणि पैसे भरून उभा राहणार होतो.

पहिला दिवस गावालगतच्या बालवाडीत गेला. बालवाडी हा अलंकार नव्हे, माझ्या वर्गात खरोखरच चार-चार वर्षांची मुलं होती. वर जायला एक सरकता पट्टा असतो. त्याचं नाव ‘जादूचा गालिचा’, चाल मात्र विमानतळावर बॅगा येतात त्या पट्ट्याची. मीही तसाच, बेवारस बॅगेसारखा, वर पोचायचो. वर शिकवणाऱ्या बाई ओरडायच्या, “पिझ्झा!” म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि आतल्या कडा बर्फात रुतवायच्या की वेग कमी होतो. मुलांचा पिझ्झा सुबक तिकोनी व्हायचा. माझ्या पिझ्झ्याची पुढची टोकं लोकलच्या दारातल्या प्रवाशांसारखी एकमेकांवर चढायची आणि मी बसायचो. शेजारच्या लाल टोपीवाल्या मुलीने एकदा थांबून माझी काठी उचलून दिली. तिला स्वतःला अजून काठ्या मिळाल्या नव्हत्या. त्या वयात देत नाहीत म्हणे.

दुसऱ्या दिवशी गोंडोलात बसून वर, निळ्या वाटेवर. इथे एक बारीक अक्षरातली गोष्ट मला उशिरा कळली. निळी वाट 25 टक्क्यांचीच, पण मोकळ्या जागी छोटा तुकडा जास्त तीव्र चालतो. ‘अटी लागू’ हे आपल्याकडच्या जाहिरातींचं वैशिष्ट्य आहे असं मी समजत होतो. तो छोटा तुकडा मला भेटला सकाळी नऊला, रात्रभर गोठून काचेसारखा झालेला. त्यावर पिझ्झा रुतत नाही. मी पाठीवर आडवा होऊन, दोन्ही काठ्या हवेत धरून, पालखीतून निघाल्यासारखा शंभरेक फूट खाली गेलो. दुपारी अडीचला तोच तुकडा पुन्हा लागला, तेव्हा बर्फ उन्हाने मऊ होऊन दिवसभरातल्या लोकांनी त्याचे ढीग केले होते. मग ढिगांना धडकत पडलो. रंग खांबाला एकदाच देतात, बर्फ मात्र दर दोन तासांनी बदलतो. तिसऱ्या दिवसापासून मी वाट नव्हे, वेळ निवडू लागलो: उन्हाने वरचा थर जरा सैल झालेला, गर्दी वाढायच्या आत, दहा-साडेदहा.

डोंगरावरचा एक नियम मात्र मला मनापासून आवडला. पुढे असेल त्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने वाट काढायची, हॉर्न नाही, शिवी नाही. पुण्याच्या रस्त्यांवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे यावर डोळे भरून येतात. शिवाय सगळेच मागून येत असल्यामुळे मी आठवडाभर कायम पुढे होतो.

शेवटच्या दुपारी एका फाट्यावर पुतण्या थांबला. डावीकडे निळी, समोर लाल. “काका, लाल आहे नावालाच. तुम्ही आरामात कराल.” हेच वाक्य मी त्याला तो सहा वर्षांचा असताना विहिरीच्या काठावर उभं करून म्हटलं होतं, ते त्याच्या लक्षात असावं. पोटऱ्या लटपटत होत्या, ऊन कललं होतं. मी तिसरा रस्ता धरला: स्की काढून खांद्यावर टाकल्या आणि गोंडोलाने खाली जायला स्टेशनवर गेलो. दारावरच्या माणसाने मान वर करूनही पाहिलं नाही. मीच उगाच गुडघा चोळत आत शिरलो होतो.

गोंडोलात बसण्याआधी एक फोटो काढून घेतला. हा डोंगर म्हणजे हानेनकाम, मराठीत कोंबड्याचा तुरा. इथे 1931 पासून शर्यती होतात. त्यांची श्ट्राइफ नावाची वाट सव्वातीन किलोमीटरची आहे. फ्रिट्झ श्ट्रोबल ती 1997 साली 1 मिनिट 51.58 सेकंदांत उतरला. तेवढ्या वेळात माझ्या एका बुटाच्या चारपैकी तीन कड्या लागतात. सुरुवात होते ना होते तोच ‘उंदराचा सापळा’ नावाची उतरण लागते. ती 85 टक्के.

शर्यत सुटते त्या खोपटाशी, हेल्मेट-गॉगलसकट उभा राहून काढलेला तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं, “किट्झब्यूल. 85 टक्के.” एक शब्द खोटा नव्हता.

पाच मिनिटांत थोरल्या मेव्हण्यांचं उत्तर आलं, “अभिनंदन! डिस्टिंक्शन!!”

मी दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन खिशात ठेवला.