जीर्ण जिपेचा परकायाप्रवेश

ग्रंथारंभी मंगलाचरण करावे अशी शास्त्राची आज्ञा आहे. आमच्या विषयातले अधिकारी पुरुष ते काम बंपरला लिंबू-मिरची बांधून उरकतात, तेव्हा आम्हीही वेळ न दवडता विषयाला हात घालतो. प्रश्न असा: साठेक वर्षांची जीप घ्यावी, पत्रा ठोकून सरळ करावा, फौजी हिरवा रंग मारावा, पुढची काच जुन्या रिवाजाप्रमाणे बॉनेटवर आडवी पडेल अशी ठेवावी आणि त्याच बॉनेटखाली स्कॉर्पिओचे इंजिन बसवावे, हे धर्म्य की अधर्म्य? धाराशिव जिल्ह्यात असले प्रश्न टपरीवरच निकालात निघत असल्याने त्यावर ग्रंथ म्हणून निर्माण झाला नाही. ती उणीव भरून काढणे प्राप्त आहे.

आता, वाहनशास्त्रावर बोलायला धाराशिवचा अधिकार काय, अशी शंका पुण्याकडून येणारच. तिचे समाधान आधी करू. या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचा माल गाड्यांत भरून, बिनरस्त्याचा मोठा मुलूख तुडवत भडोचला जात असे, अशी नोंद आहे. रस्ता नसताना गाडी काढण्याची ही परंपरा जिल्ह्याने काही भागांत आजही निष्ठेने जपली आहे. दुसरा पुरावा परंड्याचा. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ 1632 साली तिकडे नेली ती परंड्याच्या किल्ल्यातून. 55 टनांच्या त्या धुडाला 400 बैल आणि 10 हत्ती जुंपले होते, असे सांगतात. बैलजोडीची ताकद सुमारे एक अश्वशक्ती हा शेतीतला ठोकताळा धरला, तर 400 बैलांचे 200 अश्व झाले. (हत्ती घोड्यांत मोजणे हा दोन्ही प्राण्यांचा अपमान, म्हणून ते हिशेबाबाहेर ठेवले आहेत.) टनामागे साडेतीन अश्वशक्ती पडली, आणि एवढ्यावर तोफ विजापूरला पोचली. जीप जेमतेम एक टनाची असते. तिला स्कॉर्पिओची 120 अश्वशक्ती कशाला हवी, हा प्रश्न बैलांनी विचारला असता तर शोभला असता.

ज्यांच्या नावाने हा जिल्हा 2023 पर्यंत ओळखला जात होता त्या निजामांच्या पदरी सिंहासन बसवलेली रोल्स-रॉइस होती. तिचे इंजिन बदलावे असे कोणाच्या डोक्यात आले नाही, सबब ती आमच्या कक्षेबाहेर.

पूर्वपक्ष मूळवाद्यांचा. हे लोक बहुधा निवृत्त असतात आणि त्यांच्याकडे जीप नसते. त्यांचे म्हणणे, कंपनीने दिले तेच इंजिन जिपेचे. दुसरे घातले की ती जीप राहत नाही, जिपेचा मुखवटा राहतो. युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे. पण मूळ म्हणजे कुठले मूळ? दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जिपेत 2199 सीसीचे, 60 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. पुढे विलीजवाल्यांनी त्याच इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूचे उचलून वर हेडमध्ये नेले. सीसी तेवढेच राहिले आणि ताकद 75 वर गेली. त्याचे नाव हरिकेन. पण इंजिन उंचीला वाढले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा 1953 साली अमेरिकेतल्या त्या विद्वानांनी काय करावे? बॉनेटच उंच केले. पुढची जाळीही वर ताणली. हीच ती सीजे-3बी. 1947 पासून विलीजच्या जिपा जोडणाऱ्या महिंद्राने पुढे हीच आपलीशी केली आणि दशकानुदशके बनवली. ज्या उंच कपाळाच्या चेहऱ्याला आपण अस्सल जीप म्हणतो, ज्यासाठी मूळवादी डोळ्यांत पाणी आणतात, तो चेहराच मुळी जुन्या गाडीत जोरकस इंजिन कोंबल्याची खूण आहे. आमचा मिस्त्री याहून वेगळे काही करत नाही. फक्त तो अमेरिकेत नाही.

पुढे महिंद्राने याच घराण्यात प्यूजोचे डिझेल इंजिन आणले, 2112 सीसी आणि 62 अश्वशक्ती. काळी-पिवळीच्या मागच्या फळीवर गुडघ्याला गुडघा लावून ज्यांनी तुळजापूर गाठले त्यांना डिझेलच्या त्या घरघरीचा परिचय आहेच. शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीनेही फियाट 124 च्या अंगात निस्सानचे इंजिन घालून 118 एनई विकली. अॅम्बॅसडरने मॉरिसचा देह आणि इसुझूचे काळीज घेऊन अखेरची वर्षे काढली. कारखान्याने केले की ते मॉडेल, मिस्त्रीने केले की जुगाड. हा भेद कोणत्या शास्त्रात बसतो, ते मूळवाद्यांनी सांगावे.

आमच्या मते या क्रियेला खरा आधार परकायाप्रवेशाचा. मंडनमिश्रांच्या पत्नीशी चाललेला वाद मध्येच थांबवून शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात शिरले, ही कथा सर्वश्रुत आहे. तीत एक बारकावा आहे. राजा उठला तेव्हा मंत्री आनंदले, पण लौकरच त्यांना संशय आला: आपला राजा इतका हुशार कधीच नव्हता. पासिंगच्या वेळी नेमके हेच होते. बाहेरून 1960 सालची दिसणारी जीप पहिल्याच दाबाला झेप घेते आणि साहेबांचा चष्मा नाकावर येतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 तिथे आडवे येते. गाडीत असा बदल चालत नाही की आरसी बुकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही; सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे ठणकावले. त्यावर 2021 चा व्हिंटेज नियम आला. पन्नास वर्षांवरची, चेसी-बॉडी-इंजिनात मोठी ढवळाढवळ न केलेली गाडी असेल तर 20,000 रुपये भरा आणि नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिरवा. अट एवढीच की ती रोजच्या वापराला काढायची नाही. म्हणजे जी जीप मूळची आहे तिने प्रदर्शनात बसावे, आणि जी पळू शकते तिला कागद नाही. एमएच-25 च्या रस्त्यांवर या दोहोंच्या मधली जी जमात दिसते तिचे वर्गीकरण आम्ही मुद्दामच करत नाही.

आता प्रत्यक्ष विधी. स्कॉर्पिओचे एमहॉक इंजिन 2179 सीसीचे, म्हणजे हरिकेनपेक्षा 20 सीसींनी लहानच, पण ताकद 120. इंजिन आणि जिपेचा गिअरबॉक्स यांची भोके एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट लागते. तिचे माप घेण्यासाठी मिस्त्री कोपऱ्यातली जाड लग्नपत्रिका उचलतो, गिअरबॉक्सच्या तोंडावर दाबून धरतो आणि हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जातो. भोकाच्या धारेवर पुठ्ठा आपोआप कापला जातो. ‘चि.’ एका भोकात जातो, ‘चि.सौ.कां.’ दुसऱ्या. उरलेला नकाशा लेथवाल्याकडे रवाना होतो. मापात केसाचाही फरक पडत नाही, आणि आमंत्रणाची तारीख मात्र केव्हाच उलटलेली असते. त्यानंतर फाउंडेशन नव्याने वेल्ड होते, रेडिएटर पुढे सरकतो आणि वायरिंगचे असे भेंडोळे निघते की सुरुवातीच्या सहा व्होल्टच्या जिपेने ते पाहून पुन्हा मरावे.

एवढ्या खटाटोपाचे फळ काय? इथे गणिताला पर्याय नाही. सीजे-3बीच्या धुऱ्यातले गुणोत्तर 5.38 आहे. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेऊ लागले, तर वरच्या सरळ गिअरमध्ये चाक 743 फेरे घेणार. सोळा इंची रिमवरच्या अरुंद टायरचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर वेग येतो ताशी 100 किलोमीटर. बस. ताकद दीडपटीहून वाढली, तरी जुना धुरा आणि जुना गिअरबॉक्स ठेवल्यास वरची मर्यादा शंभरच्या आसपासच अडकते. मग स्कॉर्पिओचा पाचगिअरी बॉक्सही घालावा लागतो; तो घातला की दांडी भलत्याच ठिकाणी वर येते, आणि जुने भोक तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बुजवावे लागते. ते कितीही रंगवा, पावसात तिथूनच पाणी उडते.

ब्रेकचे शास्त्र तर अजून बाल्यावस्थेत आहे. मूळचे नऊ इंची ड्रम, व्हॅक्यूम बूस्टर नाही, पायाचा जोर हीच खरी अश्वशक्ती. याविषयी एका मिस्त्रीला शंका विचारली असता त्याने हात न थांबवता सिद्धान्त सांगितला: “पळवायचं मी बगतो मालक, थांबवायचं तुमी बगा.” संपूर्ण प्रबंधात याहून निखळ वाक्य आम्हाला लिहिता आलेले नाही.

क्षेत्रपरीक्षा तुळजापूरच्या घाटात होते, आणि ती हंगामात करू नये. 120 अश्व फुरफुरत चढाला लागतात. पहिल्याच वळणावर पुढे उसाची डबल ट्रॉली असते, टेपवर गाणे असते आणि ट्रॅक्टरवाला मागे बघत नसतो. उरलेला घाट जीप दुसऱ्या गिअरमध्ये, उसाचे पाचट बॉनेटवर झेलत चढते. मालक मात्र उतरल्यावर ‘पिकअप लई हाय’ एवढेच सांगतो, आणि ते खोटे म्हणता येत नाही.

शेवटची शंका उतरवलेल्या हरिकेन इंजिनाची. शंकराचार्यांचा देह शिष्यांनी गुहेत राखला, तसे हे इंजिन गोठ्याच्या पडवीत पोत्याखाली राखले जाते, कारण आरसी बुकात नंबर त्याचाच आहे. भंगारवाला महिन्या-दोन महिन्यांनी येतो, पोते उचलून बघतो, किलोचा भाव सांगतो. मालक दर वेळी भाव पूर्ण ऐकून घेतो. मग म्हणतो, “वाढवून सांग, पण द्यायचं न्हाई.”