फुलफ्रेम घेणारे नाना

लातूर रोडहून परळीकडं जाणाऱ्या गाडीनं घाटनांदूरला उतरा आणि स्टेशनाबाहेर कुणालाही फोटूवाले नाना विचारा. समोरचा तुम्हालाच उलट विचारील, "कुठले? कॅमेरा घेणार हायेत ते का?" दुसरे फोटूवाले नाना गावात नाहीत. पण खात्री करून घेतलेली बरी.

हा नमुना एकट्या घाटनांदूरचाही नाही. अंबाजोगाईत तो सापडेल, परळीत सापडेल, रेणापूर-अहमदपूरकडं तर दोन-दोन निघतील. जिथं मंगल कार्यालय आहे तिथं एक नाना आहे, आणि जिथं नाना आहे तिथं दोन कॅमेऱ्यांतला एक निवडायचा राहिलेला आहे. ह्या निवडीवर त्यांचं आयुष्य छान चाललंय. निवड झाली तर रोज संध्याकाळी हॉटेलात बसून बोलायचं काय, हा प्रश्नच उभा राहील.

वय पन्नाशीपुढं. अंगात बिनबाह्यांचं, खिशांनी भरलेलं जॅकेट. खिशांत मेमरी कार्डं, फ्लॅशचे सेल, अडकित्ता, आणि नवरदेवाचा शेला ऐनवेळी घसरला तर लावायला सेफ्टी पिनांचा झुपका. गळ्यातला पट्टा मात्र बघत राहावा असा: काळाभोर, रुंद, त्यावर केशरी अक्षरांत फुलफ्रेम कॅमेऱ्याचं नाव. लातूरच्या दुकानात जाऊन त्यांनी तो कॅमेरा हातात घेतला, डोळ्याला लावला, वजन केलं, परत ठेवला आणि पट्टा विकत घेऊन आले. त्या पट्ट्याला सध्या जुना डीएसएलआर लटकतो. त्याचं मुठीजवळचं रबर सुटलंय आणि फेविक्विकनं पुन्हा बसवताना नानांच्या अंगठ्याचा ठसा त्यात कायमचा उमटलाय.

नाना कच्चे गडी नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. याशिकावर हात बसलेला माणूस. छत्तीसच्या रोलात सुरुवातीची फिल्म वाचवून अडतीस फोटो काढायचे आणि वरचे दोन "आपल्याकडून" म्हणून द्यायचे. पुढं खांद्यावरचा पॅनासोनिक आला. हॅलोजनच्या झोतानं नवरीच्या कपाळावरचं कुंकू वितळवण्याचं कामही त्यांनी वर्षानुवर्षं केलं. डीएसएलआर आले, तेव्हा मात्र त्यांनी तालुक्यात पहिल्या पाचांत नंबर लावला. तेव्हा निवड करायला दुसरा कॅमेराच दुकानात नव्हता, म्हणून जमलं.

आता मिररलेसचा जमाना. कॅमेऱ्यातला आरसा गेला, आणि नानांची झोपही गेली. एका बाजूला सोनीचा ए सेव्हन फोर, २०२१ चा, ३३ मेगापिक्सेलचा, फुलफ्रेम. दुसऱ्या बाजूला त्याच घरातला धाकटा, २०२३ चा ए सदुसष्टशे, २६ मेगापिक्सेलचा, सेन्सर लहान. बॅटरी दोघांना एकच चालते. वजनात दीडशे ग्रॅमवर फरक. भांडण आहे ते सेन्सरच्या मापाचं. मोठ्याचा छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर. लहानाचा साडेतेवीस बाय साडेपंधराच्या आसपास.

हे गणित नाना लग्नपत्रिकेच्या पाकिटामागं मांडतात. हॉटेलात समोर निवृत्त मास्तर, शेजारी खतवाला, मधे चहाचे ग्लास.

"हे बघा मास्तर. छत्तीस चोक आठशे चौसष्ट."

"छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस. छत्तीस चोवीसे म्हणा."

"तेच ते. आन् ह्या लहान्याचं तीनशे पासष्टाच्या आतबाहेर. म्हंजे रान किती पट झालं?"

"सव्वादोनाच्या थोडं वर."

"आता मला सांगा, पाऊस दोन्हीकडं सारखाच पडला तर पाणी कुणाच्या रानात जास्त?"

"मोठ्या रानात," मास्तर म्हणतात. "पण नाना, आपल्याकडं पाऊस पडतो कुठं?"

मास्तरांचा टोमणा नानांना लागत नाही, पण मुद्दा तिथंच आहे. मोठा सेन्सर एकूण उजेड जास्त गोळा करतो. फोटोग्राफरच्या हिशेबात हा फरक एक स्टॉप आणि वर थोडी चिल्लर, एवढाच. मोठ्यावर २.८ ची लेन्स लावा आणि लहान्यावर १.८ ची, दोघंही जवळपास एकाच मुक्कामाला येतात. आयएसओचे दाणे तेवढेच दिसतात, मागचंही तेवढंच पुसट होतं. म्हणजे लहान कॅमेरा घेऊन वाचलेल्या पैशांत चांगली लेन्स घेतली की बराचसा तंटा मिटतो. नानांना हे ठाऊक आहे. पण तंटा मिटवायला ते हॉटेलात बसलेलेच नाहीत.

मास्तरांनी एकदा त्यांना इतिहासातून चीत करून पाहिलं. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, तिथं घोडदळाची छावणी होती. त्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ. त्याच्या काळातल्या काचेच्या प्लेटा इंचांत मोजायच्या. आठ बाय दहाची एक प्लेट धरली तरी तुमच्या फुलफ्रेमच्या साठपट भरते. "तेव्हा नाना, फुल फुल काय करता?" नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "त्याला नवरदेवाचे मित्र नाचताना काढायचे नव्हते." ह्याला मास्तरांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही.

आणि मांडवातला उजेड म्हणजे काय प्रकार असतो, हे नानांइतकं कुणालाच कळत नाही. मुहूर्त बारा पस्तीसचा, अक्षता पडतात दोनच्या पुढं. बाहेर वैशाखाचं ऊन, आत मांडवाचं गुलाबी कापड, त्यातून गाळून आलेला उजेड गुलाबी. स्टेजवर डीजेवाल्याचे निळे एलईडी. नवरदेवाचं निम्मं तोंड गुलाबी, निम्मं निळं, आणि हळदीमुळं मधे एक पट्टा हिरवा. सेन्सर छत्तीसचा असो की छत्तीसशेचा, ह्याला काय करणार? नाना मात्र करतात. पांढरा थर्माकोल धरायला एक पोरगं उभं करतात, फ्लॅश त्यावर मारतात, आणि माणूस माणसाच्या रंगावर आणतात. स्वस्त एलईडी लागले की फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या येतात. आपली वीज पन्नास सायकलची, त्यामुळं असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर शंभरावर ठेवलं की पट्ट्या बसतात. नानांना त्यामागचं शास्त्र कुणी सांगितलेलं नाही. त्यांचा अंगठा आपोआप शंभरावर जातो, एवढंच.

इतका हुन्नर असून माणूस सेन्सरच्या मागं का लागला? त्याचं कारण आहे पुण्याहून आलेली पार्टी. नवरदेवाचा कुणीतरी मित्र हिंजवडीला असतो. त्यानं रील पाहिलेले असतात. ठरवाठरवीच्या बैठकीत तो पाय पसरून विचारतो, "काका, फुलफ्रेम आहे ना?" त्याला स्वतःला त्याचा अर्थ विचारला तर तो पाणी मागेल. पण प्रश्न सगळ्या पाहुण्यांदेखत आलेला असतो. नाना पट्टा जरा पुढं ओढून सांगतात, "येणार आहे."

अशाच एका पार्टीसाठी नानांनी लातूरहून फुलफ्रेम भाड्यानं आणला, सोबत ८५ ची, १.८ ची लेन्स. काम जीव ओतून केलं. अंतरपाटाचा फोटो तर असा आला की नवरीच्या पापण्या मोजून घ्याव्यात. बारा बाय छत्तीसच्या करिझ्मा अल्बममध्ये तो दोन पानांवर पसरला. अल्बम दाखवायला गेले, तर नवरीचे मामा चष्मा लावून बसलेले. पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं,

"हे पोरीच्या मागं धुक्यात कोण उभं हाय?"

"मामा, ते तुम्हीच."

घरात शांतता. अंतरपाटाला भाचीच्या मागं मामा उभा राहतो, ही आपली रीत. त्यासाठी मामांनी फेटा बांधून घेतला होता, तोही माणूस बोलावून. मोठ्या सेन्सरवर उघडी लेन्स धरली की फोकसची पट्टी बोटभर राहते, हे ऑप्टिक्स मामांना सांगणार कोण? त्यातून नानांचे राहिलेले पैसे यायचे होते ते मामांकडूनच.

त्या रात्री नाना लहान सेन्सरच्या बाजूला गेले. "लहान्यात मामा राहतो," असं हॉटेलात जाहीर केलं. खतवाल्यानं चहा पाजला. प्रकरण संपलं असं सगळ्यांना वाटलं. आठवड्यात दुसरी पार्टी आली. त्यांना अंबाजोगाईत मुकुंदराजाच्या समाधीपाशी आणि हत्तीखान्याच्या दगडी हत्तींपुढं प्री-वेडिंग करायचं होतं, आणि "मागं सगळं ब्लर पाहिजे" होतं. शेकडो वर्षांचे हत्ती ब्लर करायचे होते! नाना पुन्हा मोठ्याकडं.

खरं तर ह्या दोन कॅमेऱ्यांत लग्नाच्या फोटोग्राफरनं बघावी अशी एकच गोष्ट आहे आणि ती सेन्सरची नाहीच. ए सेव्हन फोरमध्ये कार्डाचे स्लॉट दोन आहेत, सदुसष्टशेमध्ये एक. दोन असले की प्रत्येक फोटो दोन्हीकडं एकदम लिहिता येतो, एक कार्ड मेलं तर दुसरं असतं. पिकाचा फोटो उद्या पुन्हा काढता येईल, मंगलाष्टका पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत. माझ्या मते नानांनी एवढ्या एका कारणासाठी मोठा घ्यावा आणि गप्प बसावं. मी हे बोललोही. नाना पटल्यासारखे दिसले. तेवढ्यात त्यांच्या हाताखालचं पोरगं म्हणालं, "नाना, कॅननच्या आर सेव्हनला सेन्सर लहानच हाय, पण स्लॉट दोन हायेत." बोललं ते खरं. पण नानांनी त्याच्याकडं असं पाहिलं की पोरगं थर्माकोल घेऊन उठलं. दोघांत जमत नव्हतं, त्यात तिसरा आला.

थांबण्याची कारणं नानांना कधी कमी पडली नाहीत. ए सेव्हन थ्री आला २०१८ ला. म्हणाले, किंमत उतरू द्या. फोर यायच्या आधी, २०२१ च्या एप्रिलात, सरकारनं लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायला सांगितलं. म्हणाले, पंचवीस माणसांना सेन्सर कशाला, मोबाइल बास. आता म्हणतात, नवा आला की जुना उतरेल. नानांच्या घरी काकूंचं मत वेगळं आहे. "तेवढ्या पैशात बोअर होतो," असं त्या चहा ठेवता ठेवता म्हणतात. नाना त्यावर कधी वाद घालत नाहीत. बोअरला पाणी लागेलच असं नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पण तेवढ्यासाठी ते कुठल्या पाकिटामागं गणित मांडत नाहीत, घेतला तर घेतला.

आणि एवढं सगळं करून फोटो जातात कुठं? नवरी सगळ्यात आधी मागते ते स्टेटसला टाकायला. ३३ मेगापिक्सेल व्हॉट्सअपात शिरतात आणि पलीकडं दोनेक होऊन निघतात. तिथं मोठा सेन्सर, लहान सेन्सर, दीनदयाळ, सगळे एका मापाचे.

वैशाखात घरी कार्य असेल तर नानांना आजच फोन करा, तारखा भरत आल्यात. ॲडव्हान्स द्या, बाकी अल्बम हातात पडताच चुकती करा. फोटो उत्तम येतील, त्याची हमी मी देतो. कुठल्या कॅमेऱ्यानं काढणार, एवढं मात्र विचारू नका. ते सांगायला बसतील आणि मुहूर्त टळेल.