बिनसहीची पत्रं

(कुंपणाच्या अलीकडे काकू, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. पलीकडे सुनंदा, हातात कढीपत्त्याचा टाळा. वेळ सकाळची, पाणी येऊन गेल्यानंतरची.)

"काकू, ऐकलंत का? सोसायटीच्या पेटीत कुणीतरी पत्र टाकलंय. माझ्या गच्चीवरच्या पत्र्याबद्दल. खाली नाव नाही, सही नाही. 'एक जागरूक सभासद' म्हणे!"

"जागरूक बरा! रात्रभर जागून लिहिलं असणार. सेक्रेटरी काय म्हणाले?"

"म्हणाले, सही नाही, दखल घेणार नाही."

"शहाणा माणूस. अगं, अमेरिकेत एक काळ असा होता, की समोर न येणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून सरकारी नोकरी जायची."

"अमेरिकेत? तिथे तर म्हणे सगळं कायद्याने चालतं."

"कायद्यानेच जायची. लेकीकडे विस्कॉन्सिनला होते ना, तेव्हा तिथल्या लायब्ररीत हेच वाचत बसायचे. जावई म्हणायचा, आई, फिरायला चला. म्हटलं, बर्फात काय फिरायचं? तर ट्रुमन अध्यक्ष होता. रशियाशी बिनसलेलं. त्यात १९४६च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी संसदेची दोन्ही सभागृहं घेतलेली आणि त्यांचं एकच पालुपद, हा कम्युनिस्टांना पाठीशी घालतो. मग यानेच २१ मार्च १९४७ला हुकूम काढला, क्रमांक ९८३५. केंद्र सरकारच्या झाडून सगळ्या नोकरांची निष्ठा तपासायची."

"निष्ठा कशी तपासतात हो? रक्त तपासल्यासारखी?"

"रक्ताचंच सांगते, ऐक. डोरोथी बेली नावाची बाई होती, वॉशिंग्टनला रोजगार विनिमयाच्या खात्यात. तिला बोलावलं. कम्युनिस्ट आहेस म्हणाले. ती म्हणाली, नाही, शपथेवर सांगते. साक्षीदार आणले, प्रतिज्ञापत्रं दिली. मंडळावरचा एक जण विचारतो काय, तर रक्तपेढीतलं रक्त वेगवेगळं ठेवण्याबद्दल तुम्ही रेडक्रॉसला कधी पत्र लिहिलं होतं का?"

"म्हणजे?"

"महायुद्धात रेडक्रॉस गोऱ्यांचं आणि काळ्यांचं रक्त वेगळं ठेवायची. त्याविरुद्ध जो तक्रार करेल तो संशयित. काळ्या माणसांची बाजू घेतो म्हणजे आतून लाल असणार, असं त्यांचं त्रैराशिक. ती म्हणाली, आठवत नाही. तर पुढचा प्रश्न, बरं, तुमचं मत काय होतं?"

"अगं बाई! आणि तिच्याविरुद्ध सांगितलं कुणी?"

"तीच तर गंमत. तिने विचारलं, नावं सांगा. मंडळाचा अध्यक्ष सेथ रिचर्डसन, तो म्हणाला, मलाच ठाऊक नाहीत. एफबीआय म्हणते खबरे भरवशाचे आहेत, तेवढं आम्हाला पुरे. म्हणजे बघ, न्याय करायला बसलेल्यालाही आरोप करणारा कोण ते माहीत नाही! सहीचा कागद असेल कुठेतरी फायलीत, पण बाईच्या लेखी निनावीच की. सुप्रीम कोर्टात गेली. १९५१च्या एप्रिलमध्ये चार न्यायमूर्ती एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. बरोबरी झाली की खालच्या कोर्टाचा निकाल कायम. गेली नोकरी."

"आणि नववा न्यायमूर्ती कुठे होता?"

"टॉम क्लार्क ना? हा सगळा कारभार सुरू झाला तेव्हा तोच सरकारचा ॲटर्नी जनरल. मग कुठल्या तोंडाने बसणार? बाजूला राहिला."

"म्हणजे ट्रुमन वाईटच."

"तसं एका शब्दात सांगता येत नाही बाई. हुकूम काढला तो चूक, हे माझं मत. पण त्याच्यावर जो माणूस सुटला, तो बघितलास तर ट्रुमनची कीव येईल. जोसेफ मॅकार्थी, विस्कॉन्सिनचाच सिनेटर. १९५०च्या ९ फेब्रुवारीला व्हीलिंग नावाच्या गावात रिपब्लिकन महिला मंडळाचा कार्यक्रम…"

"महिला मंडळ! तिथे काय, पाककृती?"

"हसू नकोस. तिथे याने सांगितलं, परराष्ट्र खात्यात २०५ कम्युनिस्ट आहेत, यादी माझ्या हातात आहे. दोन दिवसांनी रेनो गावातून राष्ट्राध्यक्षाला तार ठोकली, त्यात ५७. आणि २० तारखेला सिनेटमध्ये भाषण केलं त्यात ८१."

"आमच्या भिशीचा हिशेब बरा म्हणायचा."

"तार राष्ट्राध्यक्षाच्या नावाने, पण लिहिलेली वर्तमानपत्रांसाठी. मी जन्मभर तारा बघितल्या. लोक शब्द मोजून तार करायचे, पैसे वाचावेत म्हणून. या गृहस्थाची तार पानंच्या पानं! राष्ट्राध्यक्षाला दम भरलाय, परराष्ट्रमंत्र्याला जाब विचारा आणि फायली उघडा, नाहीतर तुमचा पक्षच कम्युनिस्टांचा सोयरा ठरेल."

"मग ट्रुमनने काय केलं?"

"उत्तर लिहिलं. असं झणझणीत! आपल्याच सरकारची जगासमोर बेअब्रू करणारा सिनेटर मी पहिल्यांदाच बघतोय, राज्यकारभाराला हात लावायची तुमची लायकी नाही, विस्कॉन्सिनच्या लोकांनाही तुम्हाला निवडून दिल्याचं दुःख होत असेल. मसुदा अजून जपून ठेवलाय. पण ते पत्र गेलं नसावं, असंच म्हणतात."

"का हो? पाठवायचं ना खणखणीत!"

"त्या माणसाची खोडच होती ती. राग आला की लिहायचं आणि टेबलाच्या खणात ठेवून द्यायचं. पण एकदा सुटलंच हातून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची लेक मार्गारेट वॉशिंग्टनला गायली. 'वॉशिंग्टन पोस्ट'चा समीक्षक पॉल ह्यूम, त्याने लिहिलं की मुलगी बेसूर गाते. बापाने सकाळी उठून पत्र लिहिलं, स्वतःच तिकीट लावलं आणि टाकलं टपालात. तू भेटलास तर तुला नवं नाक लागेल म्हणे!"

"राष्ट्राध्यक्षाने?"

"राष्ट्राध्यक्षाने! कोरियात लढाई पेटलेली, आणि हे पत्र पेपरात. लोकांनी काय काय पत्रं पाठवली त्याला. आता मला सांग, मुलीसाठी लिहिलं ते लगेच टाकलं आणि देशाला छळणाऱ्याला लिहिलं ते खणात राहिलं. मला तरी उलटं झालेलं आवडलं असतं."

"बापाचं काळीज, काकू."

"असेल. त्याच्यानंतर आला आयसेनहॉवर. मॅकार्थीच्याच पक्षाचा. त्याला वाटायचं, या माणसाशी तोंडाला तोंड द्यायचंच नाही. त्याचा एक बालमित्र होता, हॅझलेट, लाडाने स्वीड म्हणायचे. १९५३च्या जुलैमध्ये त्याला मन मोकळं करून लिहिलंय, की या कटकट्यावर दुर्लक्षासारखा दुसरा इलाज नाही. मित्राला लिहिलं हो, जगाला नाही सांगितलं. तोवर इकडे लोकांच्या नोकऱ्या जातच होत्या."

"उघड बोललं कुणीच नाही?"

"बोलले की. सगळ्यात मोठ्ठा आवाज कुणाचा, तर आइन्स्टाइनचा. ब्रुकलिनला इंग्रजी शिकवणारा एक शिक्षक होता, विल्यम फ्राउएनग्लास. संसदेच्या समितीने बोलावलं, तेव्हा राजकीय मतांबद्दल तोंड उघडलं नाही म्हणून नोकरीवर गदा. त्याने आइन्स्टाइनला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की या चौकशीला कुणीच जाऊ नये, साफ नकार द्यावा, मग तुरुंग होवो की उपासमार. आणि हा मार्ग कुणाचा म्हणून लिहिलं? गांधींचा. असहकाराचा."

"आपल्या गांधीजींचा!"

"हो. आणि पत्रात हेही, की ही चिठ्ठी गुप्त ठेवायची गरज नाही. १२ जून १९५३ला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आली. मॅकार्थी म्हणाला, असा सल्ला देणारा अमेरिकेचा शत्रू. टाइम्सनेसुद्धा नाक मुरडलं, कायदा मोडा असं कसं सांगता म्हणून. एफबीआयकडे आइन्स्टाइनची फाइल होती, माहितीये? चौदाशेच्या वर पानं! माणूस डोक्याने विश्व मोजत होता आणि हे त्याची पानं मोजत होते. पुढच्या वर्षी त्याने एका पाक्षिकाला आणखी एक पत्र लिहिलं, पुन्हा तरुण झालो तर शास्त्रज्ञ होणार नाही, प्लंबर होईन, निदान थोडं स्वातंत्र्य तरी मिळेल. तर प्लंबरांच्या एका संघटनेने त्याला मानद सभासद करून टाकलं!"

"आमचा प्लंबर तीन दिवस झाले फोन उचलत नाही. त्याला स्वातंत्र्य पुरेपूर आहे."

"त्या शिक्षकाची नोकरी मात्र गेलीच हो. आइन्स्टाइनच्या सहीनेसुद्धा वाचली नाही."

"ते अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचं यातलंच ना? सिनेमा बघितला आम्ही. यांना तर मध्येच झोप लागली."

"यातलंच. तेही एका पत्रानेच. बोर्डेन नावाचा माणूस, संसदेच्या अणुसमितीत होता आधी. ७ नोव्हेंबर १९५३ला एफबीआयच्या प्रमुखाला, हूवरला, पत्र लिहिलं, की हा बहुधा रशियाचा हेर आहे. नवा पुरावा काहीच नव्हता, जुन्याच फायली उकरलेल्या. पण या माणसाचं एक मानते, खाली सही होती. तुझ्या जागरूक सभासदापेक्षा बरा."

"चहा टाकू का काकू? इथूनच देते कप."

"टाक. साखर कमी. … हं, आता मॅकार्थीची फजिती ऐक. १९५४ला त्याने थेट लष्करालाच अंगावर घेतलं. सुनावणी टीव्हीवर, रोज दिवसभर, लोक कामं टाकून बघत बसलेले. ४ मेला याने बॅगेतून एक कागद काढला. म्हणे हूवरने १९५१च्या जानेवारीत लष्कराच्या जनरल बोलिंगला लिहिलेल्या पत्राची कार्बन कॉपी. फोर्ट मॉनमथच्या तळावर संशयित माणसं आहेत, असा इशारा. सव्वादोन पानं. आता हूवरचं पत्र म्हणजे त्या काळात देवाचा कौल!"

"मग अडकलं की लष्कर."

"कुठचं! हूवरला विचारलं. तो म्हणाला, असं पत्र मी लिहिलेलंच नाही. त्याच तारखेचं पंधरा पानी टिपण गेलं होतं खरं, आणि या सव्वादोन पानांतला काही मजकूर त्या पंधरांतला निघाला. कुणीतरी तुकडे काढून, वर मायना आणि खाली हूवरचं नाव टाकून पत्र बनवलेलं. लष्कराचा वकील वेल्च, बॉस्टनचा, बोलायला लोण्यासारखा. त्याने हूवरच्या माणसाला साक्षीला घेतलं आणि विचारलं, म्हणजे मी हातात धरलीय ती कशाचीच नसलेल्याची कार्बन कॉपी, असंच ना?"

"वा! बरोबर धरलं."

"धरलं, पण मॅकार्थी बधतोय होय? कागद कुणी दिला ते सांग म्हटलं, तर तोंड बंद. खबऱ्याचं नाव सांगणार नाही म्हणे! आयुष्यभर दुसऱ्यांना नावं सांगा म्हणून छळलं, आणि स्वतःवर वेळ आल्यावर मूग गिळून बसला. मला विचारशील तर तो तिथेच संपला. पुढे ९ जूनला वेल्चने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, काही लाजलज्जा उरलीय की नाही, ते लोकांच्या लक्षात राहिलं. पण मी पडले टपालवाली, मला ती सव्वादोन पानंच आवडतात."

"शिक्षा झाली का काही?"

"२ डिसेंबर १९५४ला सिनेटने निंदेचा ठराव केला. ६७ विरुद्ध २२. आणि त्यात पहिला मुद्दा कुठला माहितीये? कम्युनिस्ट-बिम्युनिस्ट नाही, पत्रांचा! तीन वर्षांआधी सिनेटची एक उपसमिती त्याच्या पैशाअडक्याची चौकशी करत होती. तिच्यासमोर हा गेला नाही, नुसती पत्रं लिहीत बसला. उपसमितीचा अध्यक्ष जिलेट, त्याला एका पत्रात लिहिलं की चौकशीवर असा खर्च करणं म्हणजे करदात्यांचे खिसे कापणं. ज्यांचं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्यांचा उल्लेख नाही ठरावात, सिनेटरांना चोर म्हणाला ते मात्र झोंबलं."

"आपल्याकडेही तसंच असतं. हा घ्या चहा, सांभाळून, गरम आहे."

"आण. पुढे मॅकार्थी दारू पिऊन पिऊन १९५७ला गेला, पण धाक काही गेला नाही. आमच्या खात्याचीच लाज सांगते. १९६२ला तिथे कायदा झाला. परदेशातून कम्युनिस्ट प्रचाराचं छापील काही आलं, तर पोस्टाने अडवून ठेवायचं. ज्याच्या नावाने आलंय त्याला कार्ड पाठवायचं, तुम्हाला हे हवंय का? वीस दिवसांत कार्ड परत नाही आलं, तर माल नष्ट."

"मग कार्ड पाठवायचं."

"पाठवलंस की तू लिहून दिलंस, मला कम्युनिस्ट प्रचार हवाय! सुरुवातीला अशा लोकांच्या याद्यासुद्धा ठेवत होते. कॉर्लिस लॅमोंट म्हणून एक होता, बाप जे. पी. मॉर्गन बँकेचा मोठा भागीदार, पोरगा डाव्या विचारांचा. त्याच्या नावाने 'पेकिंग रिव्ह्यू'चा अंक आला, कार्ड आलं. त्याने कार्ड भरलं नाही, सरळ फिर्याद लावली. तर खातं म्हणतं काय, तुम्ही फिर्याद केलीत याचाच अर्थ तुम्हाला हा माल हवाय, तेव्हा आता काही अडवत नाही, घ्या!"

"हुशार की हो तुमचं खातं!"

"कोर्ट त्याहून हुशार निघालं. मे १९६५ला एकमताने कायदा उडवला. कागद घरी यायला माणसाने सरकारकडे लिहून द्यायचं, हेच मुळात गैर. आणि हे चाललं होतं तेव्हाच न्यूयॉर्कला सीआयए रशियाची पत्रं चोरून फोडत होती. किटलीच्या वाफेवर डिंक सोडवायचा, फोटो काढायचा, पुन्हा चिकटवायचं. दोन लाख पंधरा हजार पत्रं फोडली. बटवड्याला निघालेलं टपाल असं फोडायचं? आमच्यात एखाद्याने केलं असतं ना, तर घरी बसवला असता."

"कळलं कसं मग?"

"१९७५ला सिनेटर फ्रँक चर्चची समिती बसली, तिने सगळं तपशिलाने बाहेर काढलं. नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या निक्सनच्या नावाने आलेलंही एक पत्र फोडलेलं. आणि खुद्द या चर्चचं! रशियाला गेला होता, तिथून सासूला लिहिलेलं."

"सासूला? जावयाने सासूला लिहिलेलं पत्र वाफेवर फोडून वाचलं? काकू, मला त्या वाचणाऱ्याचीच कीव येते. आमच्या जावयाने आजवर मला एकच पत्र लिहिलंय. 'लोणचं पोचलं. बरणी फुटली.'"

"सही होती का खाली?"

"होती की. इंग्लिशमध्ये."