पाचला घरी येणारा माणूस

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत एक आदर्श नोकरदार राहतो. सहाला उठतो, दात घासतो, नवाला ऑफिसात, पाचला घरी. 'आय गो टू ऑफिस बाय ट्रेन' म्हणतो आणि खरंच जातो! विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याचं दारात काय होतं, हे त्याच्या गावीही नाही. साहेब त्यालाही आहे म्हणा, पण तो 'गुड मॉर्निंग'पुरता.

पूर्वी मराठी शाळांत हा गृहस्थ पाचवीत भेटायचा. २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं आणि ओळख चार वर्षं आधी झाली. त्याची बढती मात्र अजून व्हायचीय.

मोठ्यांच्या क्लासातही तोच. बारा तासांची नाइट करून आलेला वॉचमन जांभई आवरत वहीत लिहितो, 'आय गेट अप ॲट सिक्स.' खरंय ते. संध्याकाळी सहाला उठतो बिचारा. बाई त्यापुढे लाल शाईने 'ए. एम.' घालतात, कारण पुस्तकात सकाळ आहे. तोही मान डोलावतो. ड्यूटीचे तास दुसऱ्याने ठरवायची सवय असतेच. 'रिलिव्हर आला नाही, आणखी एक पाळी कर' हे पुस्तकात कुठेच नाही. तिथे पाच वाजले की लगेच स्वाध्याय.