कमान कुणाची, बस कुणाची?

29 जून 2013. टूर द फ्रान्सची शंभरावी शर्यत आणि कोर्सिका बेटावरचा पहिला टप्पा. सायकलस्वार दोनशेहून जास्त किलोमीटर तुडवत बास्तिया शहराकडे येत होते. आणि बास्तियात, बरोब्बर अंतिम रेषेवरच्या कमानीखाली, ऑरिका-ग्रीनएज या ऑस्ट्रेलियन संघाची बस अडकून बसली होती. टप कमानीत रुतलेला. पुढे जाईना, मागे येईना.

मुंबईकर वाचकाला पुढचं दृश्य सांगायची गरज नाही. चार जण वर बघतात, दोघे चालकाला स्टिअरिंग शिकवतात, बाकीचे फोटो काढतात. तिथेही तेच झालं. आयोजकांनी अंतिम रेषा तीन किलोमीटर अलीकडे आणली आणि तसा निरोप रेडिओवरून धाडला. मग कुणाला तरी सुचलं, चाकांतली हवा सोडा. बस बुटकी झाली, मागे आली, आणि रेषा पुन्हा मूळ जागी गेली. कुणाच्या कानात पहिला निरोप होता, कुणाच्या दुसरा. त्याच गोंधळात घोळक्यातले कितीतरी जण एकमेकांवर आदळले. टोनी मार्टिनला इस्पितळात न्यावं लागलं. मार्सेल किटेल जिंकला, आणि पंचांनी सगळ्यांना एकच वेळ देऊन टाकली. पाहुण्यांची पंगत विस्कटली की यजमान सगळ्यांच्या पानात सारखाच भात वाढतो, तसं.

जबाबदार कोण? आयोजक म्हणाले, बस उशिरा आली. संघ म्हणाला, बस गेल्या वर्षीचीच आहे, यंदा काही तिची उंची वाढलेली नाही. तुम्ही पुढे या म्हणालात, आम्ही आलो. त्याच दिवशी संघाला 2000 स्विस फ्रँक दंड झाला आणि विषय संपला. कमानीला काहीच झालं नाही. ती उभीच होती.

त्याआधी दोन वर्षंही असंच झालं होतं. 2011च्या शर्यतीत फ्रेंच टीव्हीच्या गाडीने रस्त्याकडेचं झाड चुकवताना फ्लेचा या सायकलस्वाराला उडवलं आणि जॉनी हूगरलँड काटेरी तारांत जाऊन पडला. 33 टाके. तरी पठ्ठ्याने टप्पा पुरा केला. गाडीला शर्यतीतून हाकलण्यात आलं. झाडाचं नाव कुणी घेतलं नाही. आपल्याकडे निदान वृक्ष प्राधिकरण तरी आहे.

इतक्या घाईने न्याय करणं मला प्रशस्त वाटत नाही. संध्याकाळच्या आत दोषी सापडतो म्हणजे तपास झालेलाच नाही. ही शर्यत आमच्या कांदिवलीत घ्यायला हवी होती.

समजा, घेतली. ठाकूर व्हिलेजमधून सुरुवात, चारकोपच्या लिंक रोडवर शेवट. अंतिम रेषेवर कमान. कमानीवर शर्यतीचं नाव तळहाताएवढं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दोन पुरुष उंचीच्या. बांबू रोवायला डांबरात खड्डे. खड्ड्यामागे दंड किती, हा प्रश्न मुंबईत फार नाजूक आहे. 2025च्या गणेशोत्सवाआधी महापालिकेने तो 15,000 रुपयांवर नेला होता. मंडळांनी हरकत घेताच पुन्हा 2000 झाला. म्हणजे चलनाचा भाव सोडला तर बास्तिया आणि कांदिवलीचं दरपत्रक एकच.

आता पोईसर आगारातून बस सुटते आणि कमानीत अडकते. बसवर नाव ‘बेस्ट’चं. पण बस भाड्याची, ‘वेट लीज’वर, म्हणजे गाडीही कंत्राटदाराची आणि चालकही कंत्राटदाराचा. ‘बेस्ट’ म्हणते, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणतो, चालकाला विचारा. चालक म्हणतो, कंडक्टरने डबल बेल दिली. कंडक्टर म्हणतो, सकाळच्या फेरीला ही कमान इथे नव्हतीच. कमानवाले म्हणतात, कमान आमची नाही, आमचा फक्त फोटो आहे. कार्यकर्त्यांचं प्रेम, काय करणार?

मग रस्ता. वर मेट्रो, ती एमएमआरडीएच्या घरची. खाली रस्ता, तो महापालिकेच्या आर-दक्षिण विभागाचा. रस्त्याच्या ज्या भागाचं काँक्रिटीकरण चाललंय, तो ठेकेदाराचा. सिग्नल वाहतूक पोलिसांचा. शर्यत हायवेवरून नेली असती तर आणखी बहार आली असती. पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 पर्यंत एमएमआरडीएकडे होता, मग महापालिकेकडे आला. त्यामुळे तिथला कुठलाही खड्डा आपण हस्तांतराच्या आधीचे की नंतरचे, हे स्वतः सांगत नाही तोवर त्याला हात लावता येत नाही.

यथावकाश संयुक्त पाहणी ठरते. संयुक्त पाहणी म्हणजे सगळ्यांनी एका वेळी यायचं आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. फक्त चालकाला कुणाकडे बोट दाखवायला परवानगी नसते, कारण त्याला आदल्या रात्रीच घरी बसवलेलं असतं. बास्तिया काय नि चारकोप काय, कागद वरून घरंगळत येतो तो थेट स्टिअरिंगपाशी थांबतो. त्याच्याखाली कुणी उरलेलं नसतं.

पण एक जण उरतो. सायकलवाला.

पाहणीत कुणाच्या तरी लक्षात येतं की एवढा बखेडा सायकलींमुळे झाला. सायकली नसत्या तर शर्यत नसती, शर्यत नसती तर कमान नसती. याला आधारही आहे. बीकेसीत सायकलमार्ग बांधले होते, ते 2025 मध्ये एमएमआरडीएने गाड्यांच्या मार्गिकेत मिसळायला घेतले. सायकलने गाडीची वाट अडवू नये, हे धोरण आता पुरेसं स्पष्ट आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून ‘घाटाचा राजा’ होणाऱ्यांचं कौतुक वेगळं. घाट लांब आहे. इथे लोकांना दुपारी बोरिवलीला साखरपुड्याला पोचायचं असतं.

तेव्हा पंचनामा. कमान काढता येत नाही, शुभेच्छांची मुदत संपलेली नाही. बस ठेवायला चौकीत जागा नाही. मुद्देमाल म्हणून जप्त करण्याजोगी, एका हवालदाराला उचलता येईल अशी एकच वस्तू घटनास्थळी आहे. सायकलवाला गुडघ्याला रुमाल बांधून मागोमाग पोलीस ठाण्यात जातो.

“साहेब, सायकल कधी मिळेल?”

“मिळेल ना. बॉण्ड लिहून द्या, दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स आणा.”

“आणलंय साहेब.”

“बरं. आणि हिचं आरसी बुक?”