पारेकाका

पारेकाकांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता वीजबिलावरच उरलंय. गेली अकरा वर्षं, पावसाळा सोडून, दर रविवारी पहाटे ते पानशेत धरणाच्या फुगवट्यावर पोहायला जातात आणि पाण्यात उतरण्याआधी पाण्याचा ताप बघतात. आकडा बघून पोहायचं रद्द केलंय, असं आजवर एकदाही झालेलं नाही. पण बघतात.

त्यांच्या पिशवीत टॉवेल सगळ्यात खाली असतो. त्यावर सुती दोरीचं रीळ. दर फुटाला गाठ, दर पाच फुटांना लाल लोकर. मग सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात जपलेला काचेचा थर्मामीटर. मग कोकम सरबताची रिकामी बाटली, बुडाला शिसं बांधलेली. या बाटलीच्या बुचाला वेगळी दोरी आहे. ओळखीच्या मासेमाराच्या होडीतून बाटली तीस फूट खाली सोडायची आणि मग बुचाच्या दोरीला हिसका द्यायचा. बूच निघतं, बाटली तिथलं पाणी पिते, ती भराभर वर ओढायची की लगेच आत पारा. "नुसता थर्मामीटर सोडला तर वर येईपर्यंत तो वरच्या पाण्याचंच बोलायला लागतो," काका सांगतात. मासेमार हे सगळं शांतपणे बघत असतो. एकदा त्याने मला हळूच विचारलं, "यांना मासं नकोत का?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गुडघाभर पाण्यात उभं राहून सहज म्हणालो, "काय काका, पाणी कसंय?"

"कुठलं?"

"हेच की."

"वरचं का खालचं?"

तो मे महिना होता. उत्तर संपलं तेव्हा माझी पाठ भाजली होती आणि पोटऱ्या गारठल्या होत्या. वर २९ अंश, तीस फुटांवर २४. गरम पाणी हलकं, ते सायीसारखं वर बसतं. वारा ढवळतो तो सायीपुरताच. आपण सायीत पोहतो. मोठा सूर मारला की थेट दुधात. "तिथे गारव्याने छातीत गचका बसतो, तोंड उघडतं," काका म्हणाले, "आणि तोंड उघडायची ती जागा नव्हे."

इथून ते नेहमीप्रमाणे पाटीवर घसरले. रस्त्याकडेला 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे. काकांचा मनाईला विरोध नाही. धरणाच्या भिंतीकडे ते स्वतः फिरकत नाहीत. गावातली पोरं पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधून जिथे शिकतात, त्याच उतारावर, कमरेला केशरी फुगा बांधून काठाकाठाने पोहतात. त्यांचा राग पाटीच्या मराठीवर आहे. "मनाई वाचली की पुणेकराला वाटतं, ही आपल्याला सोडून बाकीच्यांना आहे. कारण लिहा, कारण!" त्यांनी संबंधित कचेरीत नव्या पाटीचा मसुदा दिला होता. अर्जाची पोच अजून जपून ठेवलीय. मसुदा असा: 'वर २९, खाली २४. कमरेइतक्या पाण्यापुढे जुन्या ओढ्याची घळ, एकदम दोन पुरुष. गाळात पाय रुततो. भिंतीजवळ पाणी ओढतं. एवढं वाचूनही उतरायचं असल्यास आधी घरी फोन करावा.' मला विचाराल तर चांगली पाटी आहे. मोठी पडेल, एवढंच.

जानेवारीतले काका आणखी धोकादायक. पहाटे हवा ९ अंशांवर, पाण्यातून वाफा निघतायत, आम्ही काठावर मफलरमध्ये कुडकुडतोय आणि काका आतून हाका मारतायत, "अरे २१ आहे, २१! हवेपेक्षा बारा अंशांनी ऊब! या आत!" हिशेब चोख होता. मी कपडे काढून शिरलो. पाणी अंगातली ऊब हवेच्या पंचवीस पट वेगाने पळवतं, ही पुढची माहिती त्यांनी मी गळ्यापर्यंत बुडाल्यावर दिली. माझे दात वाजत होते, त्यामुळे मला काय वाटलं ते त्यांना नीट कळलं नाही.

हवेची बातमी पाण्याला टपालाने जाते, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबरची थंडी पाण्यात पोचायला जानेवारीची अखेर उजाडते. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं, खालचं वर येतं. असं करता करता सगळं एकजीव होतं. काका दर रविवारचे आकडे एका वहीत टिपतात. तिच्यातल्या त्या दिवसांच्या पानांवर वर २१, खाली २१, असे आकडे आहेत आणि शेजारी बारीक अक्षरात 'मिटलं एकदाचं.' होळीनंतर पुन्हा साय धरायला लागते.

मिरगाचा पहिला दणका झाला की काकांचं पोहणं बंद, ते कोजागरीपर्यंत. गढूळ पाण्यात उतरायचं नाही, हा नियम. पण पारा गेला तरी आकडे राहतात. खडकवासला धरणातून किती क्युसेक सोडले हे टीव्हीवर आलं, की ते लगेच बादल्या करतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे आंघोळीच्या जवळजवळ दोन बादल्या. भिडे पूल पाण्याखाली गेला की अख्ख्या पेठेच्या आंघोळी त्यावरून वाहून गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, तेव्हा काका तीन वर्षांचे होते. नदीकाठच्या पेठेतल्या घरातून आईने त्यांना कडेवर घेऊन पळत बाहेर काढलं. त्या पिढीतला प्रत्येक पुणेकर पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते सांगतो. काका पायरी सांगतात आणि थोडं थांबून म्हणतात, "गार होतं. पायाला लागलं होतं. किती, ते मात्र कोणी बघितलं नाही."

या माणसाला घरी आल्यावर कढत पाणी लागतं. २१ अंशांत तासभर डुंबून आलेले काका बादलीत जरा कोमट लागलं तरी न्हाणीघरातून ओरडतात. काकू येतात, कढत पाणी ओततात, मधलं बोट बुडवतात आणि "झालंय" म्हणून निघून जातात. वरचं का खालचं, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

परवा काका होडीत होते आणि वही माझ्याकडे होती. चाळता चाळता शेवटची पानं लागली. तिथे पानशेत नव्हतं. 'न्हाणीघर' असं शीर्षक आणि खाली रविवारच्या तारखा: ४१, ४१, ४१, ४१. 'साधन' या रकान्यात बाकी वहीभर 'थर्मामीटर' लिहिलेलं असतं, इथे 'बोट'. खाली फक्त एका रविवारी ४६. शेरा होता: 'ही लेकीकडे.'